आत्याची सही

२०१८ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात एक जाहीर नोटीस आली होती. अमुक सर्व्हे नंबरची मिळकत आमचे अशील विकत घेत आहेत, कोणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत कळवावे. अशा नोटिसा आपण कधी वाचतो का? पण माझ्या आत्याचे जावई वाचतात. त्यांनी तो कागद आत्यापुढे धरला. आत्या संध्याकाळी रिक्षा करून आमच्याकडे आली आणि मला म्हणाली, "बाबा, हा आपल्याच वाडीचा नंबर ना रे?"

वाडी आपलीच होती. वसईच्या पश्चिम पट्ट्यातली. विहीर, बावखल, केळीची रांग, पानवेलीचा उरलेला एक कोपरा. आजोबा मृत्युपत्र न करता गेले, आजी त्यांच्याआधीच गेली होती. मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. आम्ही ख्रिस्ती. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मुलगा-मुलगी असा भेद नाही, तिघांचा तिसरा-तिसरा हिस्सा. आपल्याकडे लोक मुलींच्या हक्काबद्दल बोलताना १९९४ च्या महाराष्ट्रातल्या दुरुस्तीपासून सुरुवात करतात, ती हिंदू कुटुंबांसाठी होती. आमच्या बायकांना हा हक्क कागदावर त्याच्या कितीतरी आधीपासून होता. पण वाडीवरचा हक्क मागणारी बहीण माहेरी जेवायला कशी येणार, हा प्रश्न कोणत्याही कायद्याने सोडवलेला नाही.

सारी कुरबूर जमिनीला भाव आल्यावर सुरू झाली. एके काळी या वाड्यांची मोजदाद केळीच्या घडांत होई. मग १९९० मध्ये वसई-विरारच्या नियोजनासाठी सिडको आली, २००९ मध्ये महापालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. दरम्यान काकांनी वाटपाचा दावा लावला होता, माझे वडील आणि आत्या प्रतिवादी. २००८ मध्ये तो दावा तडजोडीने मिटला. घरात पेढे आले होते, मला नीट आठवते.

आत्याला पेढे मिळाले. हिस्सा मिळाला नाही.

नोटीस वाचल्यावर आम्ही कोर्टातून नकला काढल्या. तडजोडीची पुरसीस इंग्रजीत, आत्या मराठी चौथी शिकलेली. तिच्यात लिहिले होते, की बहिणीला तिच्या हिश्शाची रक्कम रोख पावली असून तिने हक्क सोडला आहे. खाली तिची सही नव्हती, तिच्यातर्फे वकिलाची होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच म्हटले आहे, की पक्षकाराने तसा अधिकार दिला असेल तर वकील तडजोडीवर सही करू शकतो. तो अधिकार वकीलपत्रात होता. आणि वकीलपत्रावर आत्याची सही माझ्यासमोर झाली होती.

मी तेव्हा कॉलेजात होतो. वडिलांनी कागद देऊन मला आत्याकडे पाठवले. ती म्हणाली, "कसलं रे हे?" मी म्हणालो, "वकीलसाहेबांना तुझ्यातर्फे उभं राहायचं पत्र." खोटे नव्हते. पण खालच्या बारीक मजकुरात तडजोड करण्याचा अधिकार आहे, हे मी वाचले नव्हते आणि तिला सांगितले नव्हते. पुढे फेरफाराची नोटीस निघाली तीही तिच्या माहेरच्या पत्त्यावर, म्हणजे आमच्याच घरी.

पहिल्या वकिलाने हुकूमनामा रद्द करण्यासाठी सरळ नवा दावा टाकला. इथे बहुतेक लोक ठेचकाळतात. दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ च्या दुरुस्तीने एक कलम घातले गेले: तडजोड बेकायदा होती या कारणासाठी स्वतंत्र दावा चालणार नाही. अशा हुकूमनाम्यावर नेहमीचे अपीलही नाही. मग फसलेल्या माणसाने जायचे कुठे? ज्या कोर्टाने तडजोड नोंदवली, त्याच कोर्टात, त्याच जुन्या दाव्यात अर्ज करायचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये बनवारीलाल यांच्या खटल्यात आणि २००६ मध्ये पुष्पादेवी भगत यांच्या खटल्यात ही वाट स्पष्ट केली आहे. जी तडजोड मुळात झालीच नाही, ती झाली का नाही हे तेच कोर्ट तपासते. लोकअदालतीत मिटलेले प्रकरण असेल तर तोही मार्ग नाही, उच्च न्यायालयात रिट अर्जच करावा लागतो. आमचे तसे नव्हते, एवढे नशीब.

नवा दावा २०२० मध्ये फेटाळला गेला. दोन वर्षे आणि कोर्ट फी गेली. त्याच वर्षी जुन्या दाव्यात अर्ज झाला. आता समोरचा पक्ष म्हणतो, बारा वर्षे कुठे होता? आमचे उत्तर असे, की फसवणुकीत मुदत फसवणूक कळल्यापासून मोजतात, आणि ती नोटिशीमुळे कळली.

आता राहता राहिला प्रश्न पैशांचा. रोख पावली ती रक्कम दिली कोणी? काका म्हणतात, तुझ्या वडिलांनी. वडील २०१३ मध्ये गेले. त्या वर्षी, म्हणजे २००८ मध्ये, माझ्या फीसाठी आईने बांगड्या गहाण ठेवल्या होत्या. घरात तेवढी रोकड असती तर बांगड्या गेल्या नसत्या. हे सांगू शकणारे आम्ही दोघेच, आई आणि मी. आणि आम्ही दोघे या अर्जात सामनेवाले आहोत, कारण वडिलांचा अर्धा हिस्सा आमच्या नावावर आहे. आत्याचे खरे ठरले, तर आमचाही हिस्सा घटतो.

आई म्हणाली, "गेलेल्या माणसाला कोर्टात उभं करशील?"

मी उत्तर दिले नाही. दोन नोव्हेंबरला आम्ही सगळे कबरस्तानात मेणबत्त्या लावायला गेलो, काकाही आले होते. आत्याने आजोबांच्या कबरीवरची पाने वेचली, मग वडिलांच्या कबरीवरची. काकांनी तिला मेणबत्ती पेटवायला काडेपेटी दिली. कोणी काही बोलले नाही.

पुढच्या आठवड्यात मी प्रतिज्ञापत्र लिहून दिले. वकीलपत्राचे, बांगड्यांचे, सारे. या वेळी मी प्रत्येक ओळ वाचली आणि मग ती आत्याला मराठीत वाचून दाखवली. ती म्हणाली, "वडलांबद्दल एवढं कशाला लिहिलंस?" पण खोडायला सांगितले नाही. सुनावणीची तारीख पावसाळ्यानंतरची आहे. बोर्डावर आमचा नंबर बराच खाली असतो, म्हणून आत्या डबा घेऊन येणार आहे.