वाहनतळातील रिकामी जागा आणि सायकल : वरळीच्या बीडीडी चाळींच्या संदर्भात

गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कामगारवर्गासाठी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे २०७ चाळी उभारल्या. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत होत्या. प्रत्येक चाळीत ८० खोल्या आणि खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट. म्हाडाच्या पुनर्विकास योजनेत या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या सदनिका मिळत असून वरळीतील पहिल्या ५५६ सदनिकांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या. नव्या इमारतींना पोडियमवर बहुमजली वाहनतळ आहे. त्यात मोटारीवाचून राहणारी जागा सायकलींसाठी कशी वापरता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार मोठ्या मोटारीसाठी २.५ मीटर रुंद व ५.५ मीटर लांब जागा धरली जाते. हे क्षेत्र सुमारे १४८ चौरस फूट होते. ज्या खोलीत एकाच कुटुंबाच्या दोन-तीन पिढ्या नांदल्या, तिच्याहून ते जेमतेम १२ चौरस फूट कमी आहे! एका सायकलीस १.८ मीटर लांबी व ०.६ मीटर रुंदी पुरते. म्हणजे तेवढ्याच जागेत एका ओळीत ९ सायकली उभ्या राहतात. चाळीत सायकल जिन्याखाली किंवा व्हरांड्यात ठेवता येत असे. उंच इमारतीत ती उद्वाहनातून वर नेणे गैरसोयीचे, आणि मजल्यावरील मार्गिकेत ठेवणे आगीच्या प्रसंगी धोक्याचे ठरते.

वाहनतळ बांधला की तो भरतोच, असे नाही. वाढीव चटईक्षेत्राच्या मोबदल्यात विकासकांकडून मिळालेले सार्वजनिक वाहनतळ ओस आणि भोवतालचे रस्ते मात्र वाहनांनी भरलेले, ही मुंबईची स्थिती होती. त्यामुळेच ७ जुलै २०१९ पासून महापालिकेने अशा तळांच्या परिसरात रस्त्यावर वाहन उभे करणाऱ्यांना जबर दंड लावण्यास सुरुवात केली. निवासी संकुलात मात्र मोजणी सावधपणे व्हावयास हवी. दुपारी रिकामी दिसणारी जागा रात्री भरते. म्हणून काही आठवडे रात्रीची नोंद घेऊनच जागा ‘रिकामी’ ठरवावी. सायकलींचे कठडे काँक्रीटमध्ये न गाडता बोल्टने बसवावेत. पुढे मोटारी वाढल्यास ते काढता येतील.

जागा निवडताना खालचा मजला आणि प्रवेशद्वाराजवळचा भाग घ्यावा. मोटारींच्या चढावरून सायकल ढकलत न्यावी लागली, तर कठडे रिकामेच राहतील. दूध, पाव, वृत्तपत्रे पोहोचविणाऱ्यांसाठीही काही कठडे राखावेत. रहिवासी नसल्याने संस्थेच्या हिशेबात ते सहसा येत नाहीत.

केवळ ठेवण्याची सोय झाल्याने सायकल चालू लागेल, अशी अपेक्षा भाबडी होय. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ मध्ये सायकलमार्ग झाला. त्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या आणि २०२५ मध्ये तो काढून रस्ता रुंद करण्याचा निर्णय झाला. वरळीत मेट्रोचे आचार्य अत्रे चौक स्थानक मे २०२५ मध्ये सुरू झाले. तेथवरचे अंतर सायकलीच्या आवाक्यातले आहे; परंतु स्थानकाशी सायकल सुरक्षित ठेवता येत नसेल, तर ती घरीच राहील.

प्रश्न उरतो हक्काचा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार संस्थेने वाटप केलेली वाहनतळाची जागा सभासदास विकता येत नाही. त्याला केवळ वापराचा हक्क असतो. तथापि शंभर वर्षांनी प्रथमच हक्काची जागा मिळालेल्या कुटुंबाकडून, मोटार नसली तरी, ती सक्तीने काढून घेणे अन्यायाचे होईल. सभासदाच्या संमतीने, ठरावीक मुदतीसाठी आणि त्याच्या देखभाल शुल्कात सवलत देऊन ती जागा संस्थेने सायकलींसाठी घ्यावी, हा मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो.