घाटवाटांची गाडी आणि झिजलेली क्लच प्लेट

अकोले गावाहून राजूरकडे निघालेल्या गाडीची पहिली कसोटी विठा घाटात लागते. पुढे भंडारदरा, रतनवाडी, घाटघर किंवा हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचे पाचनई, कुठेही जा, चढ, वळणे आणि पावसाळ्यातला चिखल सोबतीला असतोच. माणसे, भाताची पोती, टोमॅटोचे क्रेट वाहणाऱ्या इथल्या जीप आणि पिकअपमध्ये सर्वांत आधी थकतो तो क्लच. मे अखेरीस काजवे पाहायला भंडारदऱ्याला गर्दी लोटते, तेव्हा अरुंद रस्त्यावर रात्री इंच-इंच सरकणाऱ्या रांगेत पाहुण्यांच्या गाड्यांचीही तीच गत होते.

महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीप भारतात जुळवायला सुरुवात केली. तेव्हापासून आजच्या बोलेरोपर्यंत गाड्या खूप बदलल्या, पण क्लचचे मूळ तत्त्व तेच राहिले आहे. इंजिनाच्या मागे फिरणारे जड चाक म्हणजे फ्लायव्हील. त्याला बोल्टने जोडलेली असते प्रेशर प्लेट. या दोघांच्या मध्ये दोन्ही बाजूंना घर्षणाचे अस्तर लावलेली क्लच प्लेट असते आणि ती गिअर बॉक्सच्या शाफ्टवर बसते. पेडल सोडलेले असताना स्प्रिंगच्या दाबाने प्लेट घट्ट आवळली जाते आणि इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगला रेटते, दाब सुटतो आणि प्लेट मोकळी होते.

प्लेट पूर्ण आवळलेली किंवा पूर्ण मोकळी असेल, तर ती जवळजवळ झिजत नाही. झीज होते ती मधल्या अवस्थेत, म्हणजे हाफ क्लचमध्ये. भरलेली गाडी चढावर नुसत्या क्लचवर तोलून धरली, की सगळी ताकद उष्णता होऊन अस्तर जाळते. करपल्याचा उग्र वास येतो तो त्याचाच.

प्लेट गेल्याची मुख्य खूण म्हणजे स्लिप. अॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडते, पण गाडी त्या मानाने वेग घेत नाही. खात्री करायची तर सपाट जागी चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, समोर कुणी नाही हे पाहा, तिसरा गिअर टाका आणि थोडा अॅक्सिलरेटर देत क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडले तर क्लच धरतो आहे; चालूच राहिले तर तो घसरतो आहे. ही परीक्षा एकदाच घ्या, पुन्हा पुन्हा घेतल्यास उरलेली प्लेटही जळते.

मात्र घसरणे म्हणजे प्लेट संपलीच, असे नाही. क्लचची केबल जास्त ताणलेली असेल तर पेडल सोडूनही दाब पुरा येत नाही. केबल जुळवली की काम भागते. इंजिनाच्या मागच्या सीलमधून ऑईल झिरपून प्लेटवर आले असेल, तर नवी प्लेटही थोड्याच दिवसांत घसरू लागते. गिअर पडताना कुरकुरत असतील तर दोष उलटा असतो, क्लच पुरता सुटत नसतो. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीची प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटू शकते. म्हणूनच अनेक ट्रॅक्टरांना उभे करताना क्लच पेडल दाबून अडकवण्याची सोय असते.

प्लेट बदलायचीच ठरली, तर गिअर बॉक्स उतरवावा लागतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडी भक्कम घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नका. प्रॉपेलर शाफ्ट सोडण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर खूण करा, म्हणजे तो परत त्याच जागी बसतो आणि गाडी थरथरत नाही. मग स्टार्टर, वायरी, गिअरचा लिव्हर आणि क्लचची जोडणी सोडवा. इंजिनाला खालून लाकडी ठोकळ्याचा आधार द्या. फोर बाय फोरमध्ये ट्रान्सफर केसचेही वजन असते, त्यामुळे इथे दोघे तरी हवेत. बॉक्स सरळ मागे ओढा. त्याचा भार शाफ्टवरून प्लेटवर लटकला, तर प्लेटचा मधला भाग वाकतो.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करा. आतली काळी भुकटी हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसांना घातक आहे.

आता घाई नको. अस्तर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत आले आहे का? फ्लायव्हीलवर निळे डाग, चरे किंवा तडे आहेत का? किरकोळ चरे लेथवर निघतात, खोल तडे असतील तर फ्लायव्हील बदलावे. रिलीज बेअरिंग हाताने फिरवून आवाज ऐका. शाफ्टच्या टोकाचे पायलट बेअरिंग आणि मागचे सील पाहा. या कामात मोठा खर्च खोलण्या-जोडण्याच्या मजुरीचा असतो. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा पूर्ण सेट एकदमच बदलणे शहाणपणाचे.

बसवताना प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू ओळखा. बहुधा तसे तिच्यावर लिहिलेले असते. ती अलाइनमेंट टूलने किंवा जुन्या शाफ्टने मध्यावर धरा आणि बोल्ट समोरासमोरचे, कंपनीने सांगितलेल्या टॉर्कने आवळा. शाफ्टच्या दात्यांना ग्रीसचा अगदी पातळ हात पुरे. जादा ग्रीस उडून अस्तरावर जाते. बॉक्स बसत नसेल तर बोल्टने ओढून बसवू नका, रेष पुन्हा जुळवा. शेवटी केबल असेल तर पेडलचा फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीची मोकळी चाल, जुळवा; ऑईलचा क्लच असेल तर एअर काढा. पहिले काही शे किलोमीटर गाडीवर जादा भार आणि जोराचा चढ टाळा.

नव्या प्लेटचे आयुष्य चालवणाऱ्याच्या डाव्या पायावर ठरते. गिअर बदलून झाला की पाय पेडलवरून पूर्ण काढा. चढावर थांबायचे तर हँडब्रेक ओढा. चिखलात फोर बाय फोरचा लो गिअर वापरा. त्यात चाकांना मिळणारा जोर साधारण अडीच पट होतो आणि क्लच घसरवावा लागत नाही. गाडी रुतली तर क्लचवर ओरडवत बसू नका. खाली उतरा, चाकाखालचा चिखल काढा, दगड-फांद्या टाका आणि मगच बाहेर काढा. घाटघरच्या भर पावसात, जवळपास गॅरेज नसताना, या सवयीच तुम्हाला घरी पोचवतील.