शेतावरची तार उन्हाळ्यात का झुकते?

राहुरी-श्रीरामपूरकडे उसाच्या मळ्यांवरून गेलेल्या विजेच्या तारा तुम्ही पाहिल्या असतील. जमीन शेतकऱ्याची, तारा वीज कंपनीच्या. थंडीत ताठ दिसणारी तार एप्रिलमध्ये उसाच्या शेंड्यांकडे का झुकते?

धातू तापला की प्रसरण पावतो. एक मीटर लांब ॲल्युमिनियमची तार १° सेल्सियसने तापली, तर सुमारे ०.०२३ मिलिमीटर वाढते. समजा, दोन खांबांत ६० मीटर अंतर असून पहाटे तारेचा झोळ ५० सेंटिमीटर आहे. तार ३० अंशांनी तापली, तर लांबी वाढेल अवघी ४ सेंटिमीटर. झोळ मात्र दुपटीहून थोडा अधिक, म्हणजे सुमारे १०९ सेंटिमीटर होईल! खांब जागचे हलत नाहीत. वाढलेली लांबी खालीच उतरते. पुढील सूत्राने पडताळा पाहा:

जादा लांबी = ८ × झोळ² ÷ (३ × खांबांतील अंतर)

(ताण घटल्याने तार किंचित आखडते व झोळ काहीसा कमी भरतो, तो हिशेब येथे सोडला आहे.)

म्हणूनच १९५६च्या भारतीय विद्युत नियमांनी शेतातील ११,००० व्होल्टपर्यंतच्या उघड्या तारांना जमिनीपासून निदान ४.६ मीटर उंची ठरवून दिली. ही उंची झोळाच्या तळाशीही हवी. झोळ वाढलेल्या तारा वाऱ्याने एकमेकींना लागल्या, तर ठिणग्या पडून वाळलेले पाचट पेटते.

तार खाली आली असेल, तर बांबूने उचलू नका. ओला बांबू वीज वाहून नेतो. लांब राहा, वडीलधाऱ्यांना सांगून कंपनीला लेखी कळवा. झोळ काढणे तिचेच काम आहे. तिच्या कामात पिकाचे नुकसान झाले, तर २००३च्या वीज कायद्याचे कलम ६७ भरपाईचा हक्क देते.