दुबईत एकटीनं फिरताना

“बाई, दुबईला जाऊन आलात म्हणे! सोनं किती आणलंत?”

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत पाऊल ठेवलं आणि शिक्षकखोलीत पहिला प्रश्न आला तो हा. शेजारच्या काकूंचा हाच, दूधवाल्याचाही हाच. खरं सांगते मैत्रिणींनो, सोनं गुंजभरसुद्धा आणलं नाही. आणलं ते एक चंदेरी रंगाचं प्लास्टिकचं कार्ड. ते अजून माझ्या पर्समध्ये आहे. त्याचीच ही हकिकत.

मी लातूरला राहते, एका शाळेत अर्धवेळ शिकवते. माहेर नांदेडचं. २०२४ च्या त्या दिवाळीपर्यंत माझा एकटीचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे लातूर-नांदेड एस.टी.! चाकूर, अहमदपूर, लोहा ही गावं मला पाठ आहेत. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आईकडे जाणंही वाढलं. पण त्यापलीकडे कुठं जायचं म्हटलं की बरोबर ‘हे’ हवेत, नाहीतर दीर हवेत.

धाकटी नणंद दुबईत बाळंत झाली. सासूबाईंना तिच्याकडे पोचवायचं होतं आणि ह्यांना रजा नव्हती. तेव्हा पंधरा दिवसांसाठी मी निघाले. आणखी एक कारण होतं. माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपासून तिथंच आहे. लातूरला आय.टी.आय. करून फिटर म्हणून गेला. फोन केला की एकच उत्तर: “मजेत आहे.” निघायच्या आधी आई म्हणाली, “त्याचं मजेत मला नको सांगू. त्याची जागा तुझ्या डोळ्यांनी बघून ये.”

बॅग भरतानाच पहिला धडा

भावाला अनारसे फार आवडतात. पीठ तयार होतं, खसखस काढून ठेवली होती. तेवढ्यात नणंदेचा फोन आला, “वहिनी, खसखस चिमूटभरसुद्धा आणू नका!” तिकडे खसखशीला कायद्यानं बंदी आहे, पकडली तर तुरुंगाची पाळी. मी डोक्याला हातच लावला! आपल्या काळ्या मसाल्यातही खसखस असते, म्हणून तो डबाही मागं ठेवला. अनारसे तिळावर थापले. औषधांच्या गोळ्यांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवली, कारण आपल्याकडे सहज मिळणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्यांनाही तिथं परवानगी लागते.

हैदराबादहून विमानानं चार तासांत पोचलो. नणंद बर दुबई भागात राहते. पहिले चार दिवस तिच्या यजमानांच्या गाडीतून हिंडलो. उंच इमारती पाहिल्या, मॉल पाहिले. भावाकडे कधी जायचं विचारलं की ते म्हणत, “तिकडे काय बघायचंय? त्यालाच इकडे बोलवा.” त्यांचंही चुकत नव्हतं. दिवसभर कचेरी, घरात आठ दिवसांचं बाळ. आणि भावाला बोलावलं की तो म्हणे, “ड्यूटी आहे.” असं करता करता पंधरा दिवस संपायचे, आणि नांदेडला जाऊन आईला सांगायचं तरी काय?

पाचव्या दिवशी दुपारी सासूबाई आणि बाळबाळंतीण झोपल्यावर मी नणंदेच्या शेजारणीला घेऊन बरजुमान स्टेशनवर गेले आणि कार्ड काढलं.

हे कार्ड म्हणजे काय?

त्याला ‘नोल’ कार्ड म्हणतात. चंदेरी कार्ड २५ दिरहमला मिळतं आणि त्यातले १९ दिरहम प्रवासासाठी जमा असतात. (मी गेले तेव्हा एक दिरहम म्हणजे सुमारे २३ रुपये होते.) मेट्रो, बस सगळीकडे हेच एक कार्ड. चढताना यंत्राला टेकवायचं, उतरताना पुन्हा टेकवायचं. शहराचे विभाग पाडलेत. एकाच विभागात फिरलात तर ३ दिरहम, शेजारच्या विभागात गेलात तर ५ आणि त्याहून लांब गेलात तर साडेसात. मेट्रोतून उतरून अर्ध्या तासाच्या आत बस धरली तर तो एकच प्रवास धरतात.

ही मेट्रो सुरू झाली ९ सप्टेंबर २००९ ला, म्हणजे नवव्या महिन्याच्या नऊ तारखेला, आणि तीही रात्री नऊ वाजून नऊ मिनिटं नऊ सेकंदांनी! आपणच मुहूर्त बघतो असं थोडंच आहे? गाडीला चालक नाही. एक तांबडी लाईन, एक हिरवी. बरजुमान आणि युनियन या दोन स्टेशनांवर त्या एकमेकींना भेटतात. बायका-मुलांसाठी डब्याचा वेगळा भाग असतो, फलाटावर आणि डब्यात गुलाबी खूण केलेली असते. पुरुष चुकून तिथं आला तर १०० दिरहम दंड. आपल्या एस.टी.त ‘स्त्रियांसाठी राखीव’ लिहिलेल्या बाकावर पेपर तोंडासमोर धरून बसलेले गृहस्थ मला आठवले!

दोन दिवस मी नुसती सवय केली. चुकाही केल्या. एकदा युनियनला उलट्या दिशेची गाडी धरली. घाबरून घाम फुटला, पण पुढच्या स्टेशनला उतरून समोरच्या फलाटावर गेले, संपलं! एकदा बसमधून उतरताना कार्ड टेकवायचं विसरले आणि जास्तीचे पैसे कापले गेले. तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना मी सांगून टाकलं, “रविवारी मी भावाकडे जाऊन येते. मेट्रोनं.” सासूबाईंचा घास हातातच राहिला. मग म्हणाल्या, “जा, पण फोन चालू ठेव.”

सोनापूरची वाट

भाऊ राहतो त्या भागाला सरकारी नाव मुहैस्ना आहे, पण सगळे त्याला सोनापूर म्हणतात. हजारो कामगारांच्या वसाहती तिथं आहेत. सोन्याचं गाव!

रविवारी मेट्रो उशिरा, आठला सुरू होते. मी साडेसातलाच जाऊन उभी! हिरव्या लाईननं शेवटच्या स्टेशनपर्यंत जायचं होतं. त्याचं जुनं नाव एतिसलात, आता पाटीवर ‘ई अँड’ असतं. शेजारी फिलिपिन्सची एक मुलगी होती. आपली सवय, डबा उघडून अनारसा पुढं करणार, तोच तिनं हसून भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. मेट्रोत खाणं-पिणं मना आहे, त्यालाही १०० दिरहम दंड. डबा पटकन मिटला.

शेवटच्या स्टेशनवर खिडकीतल्या बाईंना जागेचं नाव सांगितलं. त्यांनी कागदावर बसचा नंबर लिहून दिला. बसमध्ये पुढची आसनं बायकांची असतात. त्या बसमध्ये बाई मी एकटीच. मागं सगळे कामकरी पुरुष. क्षणभर छातीत धडधडलं. पण कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. चालक केरळचे होते, हिंदीत म्हणाले, “बैठो बहन, मैं बताऊँगा.” आणि बरोबर थांब्यावर त्यांनी हाक मारली.

वसाहतीच्या फाटकात पहारेकऱ्यानं हात जोडले, बायकांना आत सोडत नाहीत. फोन केल्यावर भाऊ धावतच बाहेर आला.

“अक्का! कोणासंग आलीस?”

“ह्याच्यासंग,” म्हणून मी कार्ड दाखवलं.

तो कितीतरी वेळ नुसता बघतच राहिला.

समोरच्या टपरीवर चहा घेतला. एक दिरहमचा कडक, वेलदोडा घातलेला चहा. डबा उघडला. त्यानं एक अनारसा उलटासुलटा करून पाहिला. “खसखस न्हाई का गं?” “तीळ लावलेत.” “चालतंय की,” म्हणून चार संपवले. मग हळूहळू बोलायला लागला. एका खोलीत सहाजण, वर-खाली खाटा. आत जाता येईना, म्हणून फोनमधला फोटो दाखवला. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवायचा नियम आहे. तो पाळतात, म्हणाला. पण दोन महिन्यांचा ओव्हरटाईम मिळाला नव्हता आणि पासपोर्ट पहिल्याच दिवशी कंपनीनं काढून घेतला होता.

“मग मजेत आहे म्हणून का सांगत होतास?”

“आईला काय सांगू, अक्का?”

रविवारी ड्यूटी आहे म्हणायचा, तेही खोटंच होतं. सकाळी कंपनीची बस फाटकातून उचलते, कामावर सोडते आणि संध्याकाळी परत आणून टाकते. दोन वर्षांत तो एकदाही मेट्रोत बसला नव्हता. पुलावरून जाताना रोज बघायचा. रस्ता माहीत नव्हता, आणि विचारायची लाज वाटायची. हे ऐकलं आणि मला माझेच पहिले चार दिवस आठवले. मला गाडीतून हिंडवत होते, त्याला बसमधून. कुणी नेलं तेवढंच आम्हा दोघांचं दुबई!

म्हटलं, “चप्पल घाल. तुझंही कार्ड काढू.”

दोघं मेट्रोनं अल् रास स्टेशनला उतरलो. तिथून चालत खाडीवर गेलो. लाकडी होडी, तिला ‘अब्रा’ म्हणतात, एका दिरहममध्ये पलीकडे बर दुबईला सोडते. वारा लागत होता, पाण्यावर पांढरे पक्षी होते. भाऊ लहानपणी नांदेडला गोदावरीच्या घाटावर बसायचा तसा होडीच्या कडेला पाय सोडून बसला होता. दुपारी नणंदेकडे पंगतीला बसला. बाळ मांडीवर घेतलं. दोन वर्षांत कुणाच्या घरी जेवला नव्हता.

जेवणानंतर नणंदेच्या यजमानांनीच त्याला समजावलं. कामगाराची कागदपत्रं अडकवून ठेवायला तिथल्या २०२१ च्या कामगार कायद्यानं मनाई आहे. भारतीय वकिलातीचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, ८०० ४६३४२ या नंबरावर फुकट फोन लागतो आणि हिंदीत बोलता येतं. त्यानं आमच्यासमोर फोन लावला. मी परत आल्यावर महिन्याभरात पासपोर्ट हातात पडल्याचा त्याचा निरोप आला. ओव्हरटाईम एका महिन्याचा मिळाला, दुसऱ्यासाठी अर्ज केलाय. आईला मी सगळं खरं सांगितलं. ती रडली, पण म्हणाली, “आता निदान ठाऊक तरी आहे.”

तुमचं जाणं निघालं तर

१. पोचल्याच्या दिवशीच नोल कार्ड काढा, त्यात परतीपुरते पैसे नेहमी ठेवा. कागदी तांबडं तिकीट एकाच प्रवासाला बरं.

२. फलाटावर चढण्याआधी शेवटच्या स्टेशनचं नाव वाचा. तांबड्या लाईनला जबल अलीपाशी दोन फाटे फुटतात, तिथं विशेष लक्ष द्या.

३. ‘गोल्ड’ लिहिलेल्या डब्यात चंदेरी कार्डानं चढू नका, दंड होतो.

४. विमानतळाच्या १ आणि ३ नंबरच्या इमारतींना मेट्रो लागून आहे, २ नंबरला नाही.

५. रात्री टॅक्सी लागली तर गुलाबी टपाची बघा, ती बाई चालवते.

६. नांदेडकर भगिनींसाठी खास: जबल अली भागात २०१२ साली उघडलेला गुरुद्वारा आहे, शेजारीच २०२२ साली उघडलेलं हिंदू मंदिर. तांबड्या लाईननं तिकडं जाऊन पुढं टॅक्सी करा. लंगरमध्ये बसलात की आपल्या हुजूर साहिबची आठवण येईल.

७. घराचा पत्ता, जवळचं स्टेशन आणि यजमानांचा नंबर कागदावर लिहून जवळ ठेवा. फोनची बॅटरी नको तेव्हाच संपते!

आणि हो, चंदेरी कार्ड पाच वर्षं चालतं. माझ्यात अजून अकरा दिरहम शिल्लक आहेत. आमच्या शाळेतल्या एका बाईंचा मुलगा नुकताच तिकडे नोकरीला लागलाय. त्या मुलाकडे जातील तेव्हा कार्ड त्यांना देणार आहे. परत आल्या की सोनं किती आणलं हे नाही विचारणार, कुठं कुठं एकट्या गेलात ते विचारेन.