सायकलीचीं चाकें बदलतांना

(नभोवाणीवर झालेलें भाषण)



गेल्या दिवाळींत माझा पुतण्या हातांत एक कागद घेऊन माझ्याकडे आला. नोकरीच्या पहिल्या वर्षाच्या शिलकेंतून त्यानें ५०,००० रुपयांची सायकल घेतली होती; वांकड्या मुठींची, अरुंद टायरांची, शर्यतीच्या सायकलींच्या घराण्यांतली. हल्लीं तिला रोडबाईक म्हणतात. कागदावर चाकांच्या एका जोडीची जाहिरात होती. कार्बनच्या उंच रिमा, आणि सध्यांच्या जोडीपेक्षां वजन ५०० ग्रॅमनीं कमी. किंमत मात्र उभ्या सायकलीहून अधिक. "काका, घेऊं का? हप्त्यानें मिळतात," एवढेंच त्यानें विचारलें.

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. यंत्रविद्येचा पंडित नव्हे. परंतु सायकलींचें शहर म्हणून एके काळीं गाजलेल्या पुण्यांत माझा जन्म गेला, शाळेंत जाणें-येणें सायकलीवरच झालें, आणि निवृत्तीनंतर मीहि अशीच एक सायकल रोज सकाळीं दामटतों. शिवाय चाकांच्या खरेदींत मी स्वतः एकदां चांगलाच फसलों आहें. तेव्हां पुतण्याला जें सांगितलें, तेंच आज आपणांपुढें मांडतों. आपल्या घरांत असा कागद आला, तर नुसतें 'हो' किंवा 'नाहीं' म्हणण्यापेक्षां हिशेब करून उत्तर देतां यावें, एवढाच माझा हेतु.

पहिला हिशेब वजनाचा. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरा. त्यांतून ५०० ग्रॅम गेले, म्हणजे १७० वा भाग गेला. घाट चढतांना आपली बहुतेक सर्व शक्ति वजन वर उचलण्यांत खर्च होते. म्हणून एका तासाच्या चढणीला या हलक्या चाकांनीं फार तर २१ सेकंद वांचतील. पाण्याची अर्धी बाटली घरीं ठेवून निघालें, तर यांतला बराच भाग फुकट पदरांत पडतो!

यावर तरुण मंडळी सांगतात कीं, चाकावरचें वजन अंगावरच्या दुप्पट वजनासारखें असतें. हें खरें आहे, पण अर्धवट खरें आहे. रिम पुढेंहि जाते आणि स्वतःभोंवतीं फिरतेहि. म्हणून तिला वेग देतांना जवळजवळ दुप्पट शक्ति लागते. ताशीं ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. या वेगानें जाणाऱ्या रिमेवरील अर्ध्या किलोंत पुढें जाण्याची २५ ज्यूल आणि फिरण्याची सुमारें तितकीच, मिळून ५० ज्यूल शक्ति साठते. आतां बऱ्यापैकीं सराव असलेला स्वार दर सेकंदास २०० ज्यूल काम करतो. म्हणजे थांबलेल्या सायकलीला हा वेग देतांना वांचला तो पाव सेकंद! आणि एकदां वेग आला, कीं सपाट रस्त्यावर तेवढीहि बचत उरत नाहीं. शर्यतींत क्षणोक्षणीं मुसंडी मारणाऱ्याला या पाव सेकंदांचें मोल असेल. सकाळीं खेड-शिवापुरापर्यंत जाऊन येणाऱ्याला तें काय?

दुसरा हिशेब वाऱ्याचा. सपाटीवर ताशीं ३० किलोमीटरच्या वेगानें जातांना सर्वांत मोठा शत्रु हवा. वेग दुप्पट झाला, कीं हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो तोडण्यास लागणारी शक्ति आठपट. ताशीं २० वरून ३० वर जावयाचें, तर हवेसाठीं तिपटीहून अधिक जोर लावावा लागतो. उंच रिमा हवा अधिक सफाईनें कापतात, हें खोटें नाहीं. परंतु हवेला अडवितें तें मुख्यतः आपलें स्वतःचें अंग. कोंपर वांकवून थोडें खालीं बसणें आणि फडफडणारा सदरा सोडून अंगालगत कपडा घालणें, यांनीं जें साधतें तें चाकें बदलून साधत नाहीं. शिवाय उंच रिमेचें पुढचें चाक आडव्या वाऱ्यांत हातांतून ओढलें जातें, हें घाटांत उतरतांना ज्यानें अनुभवलें असेल, त्याला अधिक सांगावयास नको.

तिसरा हिशेब टायरांचा, आणि माझ्या मतें खरा लाभ येथें आहे. रस्त्यावर लोळतांना टायर क्षणोक्षणीं दबतो आणि पुन्हां फुगतो, व त्यांत शक्ति वायां जाते. बोजड, जाड टायर वजनाच्या हजारांत ७ भाग इतका विरोध करतो असें धरा. चांगला लवचिक टायर हजारांत ४ भागच करतो. आमच्या ८५ किलोंना ताशीं ३० किलोमीटरच्या वेगास या फरकानें सुमारें २० वॅट वांचतात, म्हणजे त्या २०० वॅटांच्या स्वाराचा दहावा हिस्सा! आणि ही बचत चढणीवर, सपाटीवर, प्रत्येक किलोमीटरला मिळते. इतिहासहि हेंच सांगतो. बेलफास्टचा पशुवैद्य डनलॉप यानें १८८८ सालीं हवेच्या टायरचें पेटंट घेतलें, आणि पुढच्याच वर्षीं विल्यम ह्यूम नांवाच्या स्वारानें ते टायर लावून तेथील शर्यतींत भरीव टायरवाल्यांना मागें टाकलें. सायकलीच्या वेगांतली ती मोठी उडी रबर आणि हवा यांनीं मारली. वजन घटवून नव्हे. तेव्हां पहिले तीन-चार हजार रुपये चांगल्या टायरांवर खर्च करावे. चौकटींत आणि ब्रेकखालीं जागा असेल, तर २५ ऐवजीं २८ मिलिमीटर रुंदीचे घ्यावे आणि हवा थोडी कमी ठेवावी. आमच्या रस्त्यांवर हाडें खिळखिळीं होत नाहींत, तो वेगळाच लाभ.

मग चाकें बदलूंच नयेत काय? तसें नाहीं. स्वस्त सायकलीबरोबर येणारीं चाकें पुष्कळदां बोजड आणि ढिसाळ बांधणीचीं असतात. तारा वारंवार तुटत असतील, आंसाजवळच्या छऱ्यांची जागा खडबडीत झाली असेल, किंवा ब्रेकच्या घर्षणानें रिम झिजली असेल, तर चाकें बदलणें हें शहाणपण. प्रश्न, कशीं घ्यावीं हा आहे; आणि त्यासाठीं सायकलीचें चाक उभें कसें राहतें, हें कळलें पाहिजे.

बैलगाडीच्या चाकाचे आरे लांकडी खांबांसारखे असतात. खालचा आरा भार सोसून उभा असतो. सायकलीची दोन मिलिमीटरची तार अशी उभी राहूंच शकत नाहीं. दाबली तर ती वांकेल. म्हणून ती तंबोऱ्याच्या तारेसारखी आधींच ताणलेली असते. प्रत्येक तारेवर सुमारें १०० किलोंचा ताण. आपण बसलों, कीं जमिनीकडच्या तीन-चार तारांचा ताण थोडा उतरतो, बाकीच्यांत फारसा फरक पडत नाहीं. चाक फिरतें तशी प्रत्येक तार आळीपाळीनें सैल होते आणि पुन्हां ताणली जाते. चाकाचा घेर सुमारें २.१ मीटर, म्हणजे १०,००० किलोमीटरांत एकेका तारेला असे ४७ लक्ष हेलकावे बसतात! ताण पुरेसा व सारखा असेल, तर तार हें सर्व निमूट सोसते. तो कमी-अधिक असेल, तर सैल तार हबाशी जेथें वांकलेली असते तेथें थकते, आणि एके दिवशीं तुटते. चाकाचें आयुष्य तारांची संख्या आणि ताणाचा सारखेपणा यांवर अवलंबून आहे. जाहिरातींतील ग्रॅमांवर नाहीं.

हें ज्ञान मला पुस्तकानें नव्हे, कात्रजच्या जुन्या घाटानें दिलें. तीन वर्षांपूर्वीं मीं एका ओळखीच्या दुकानांतून वापरलेलीं, हलकीं, अवघ्या २० तारांचीं चाकें घेतलीं. माझें वजन ८० किलोच्या वर. विकणाऱ्यानें तें विचारलें नाहीं, आणि मीहि सांगितलें नाहीं. श्रावणांतली सकाळ, रस्ता ओला. उतारावर मागच्या चाकांतून 'टण्ण' असा आवाज आला आणि सायकल माशासारखी वळवळूं लागली. एक तार तुटली होती. ३२ तारांच्या चाकांत एक गेली, तर बाकीच्या एकतीस जणी तिचा भार वांटून घेतात आणि माणूस हळूहळू घरीं येतो. वीसांतली एक गेली तेव्हां रिम इतकी आऊट झाली, कीं ती ब्रेकला आणि चौकटीला घांसूं लागली. मागून मालमोटार येत होती. कसाबसा कडेच्या मातींत उतरलों म्हणून आज आपल्यापुढें बोलत आहें. घरीं मात्र पंक्चर झालें म्हणून सांगितलें. ही कबुलीहि आजच देत आहें!

आतां निवडीचे नियम. वजनदार स्वारानें आणि आपल्यासारख्या खड्ड्यांच्या रस्त्यांवर चालविणारानें पुढें २८ व मागें ३२ तारा घ्याव्या. तारा मधें बारीक आणि दोन्ही टोंकांना जाड अशा मिळतात, मधला १.८ मिलिमीटरचा भाग लवचिक असल्यानें धक्का तो सोसतो आणि वांक वांचतो. तारेच्या टोंकाचीं निपलें पितळेचीं असावीं; ॲल्युमिनियमचीं थोडें वजन वांचवितात, पण पावसापाण्यांत अडकून बसतात. रिम ॲल्युमिनियमची, आंतून १७ ते १९ मिलिमीटर रुंद असावी. २५ ते २८ च्या टायरला ती नीट धरते. हब असा घ्यावा कीं ज्याचे छर्रे किंवा बेअरिंग गल्लींतल्या कारागिराला बदलतां येईल.

रिमेवर दाबणारे ब्रेक असतील त्यांनीं कार्बनच्या रिमेपासून दूर राहावें, हा माझा स्पष्ट सल्ला. लांब उतारावर ब्रेकनें उत्पन्न झालेली उष्णता ॲल्युमिनियम चटकन् हवेंत सोडतें. कार्बन ती धरून ठेवतो, आणि हलक्या प्रतीच्या रिमेंतील राळ मऊ होऊन कडा फुगल्याचीं उदाहरणें आहेत. आमचे घाट काहीं सपाट नाहींत.

खरेदीपूर्वीं चार मापें कागदावर लिहून न्यावीं. पहिलें, टायरच्या कुशीवर छापलेला आंकडा. रोडबाईकचें चाक ६२२ मिलिमीटरचें. आपल्या जुन्या काळ्या २८ इंची सायकलीचें ६३५. नुसत्या इंचांवर भरंवसा ठेवणारा येथें हमखास चुकतो. दुसरें, मागच्या हबाची रुंदी: रिमेवरच्या ब्रेकच्या सायकलींत बहुधा १३० मिलिमीटर, तबकडीच्या ब्रेकच्या सायकलींत १३५, किंवा आरपार जाणारा जाड आंस असल्यास १४२. तिसरें, मागच्या दांतेरी चक्रांची संख्या. शिमानोच्या ११ चक्रांसाठींच्या हबावर १० चक्रांचा संच बसतो, पण मागें १.८५ मिलिमीटरची कडी घालावी लागते. जुन्या अरुंद हबावर रोडबाईकचा ११ चा संच सहसा बसत नाहीं. ७ चक्रांच्या स्वस्त सायकलींत तर बहुधा तीं सर्व आट्यांनीं हबावर फिरवून बसविलेलीं असतात. तेथें नव्या चाकाबरोबर चक्रेंहि नवीं घ्यावीं लागतात, आणि हा खर्च आधीं कोणी सांगत नाहीं. चौथें, तबकडीचा ब्रेक असल्यास ती सहा स्क्रूंनीं बसते कीं मधल्या एका कडीनें, हें पाहावें.

राहिला कारागीर. कारखान्यांतून आलेलें चाकहि पहिल्या दोन-तीनशें किलोमीटरांनंतर एकदां तपासून आऊट काढून घ्यावें लागतें. हें काम जो मन लावून करतो, जो तारा छेडून त्यांचा सूर ऐकतो, त्याच्याकडून हब, रिम आणि तारा वेगळ्या घेऊन चाक बांधून घेणें हा मध्यम घरांतील माणसाचा उत्तम मार्ग. त्यांत एक तार गेली, तर तसलीच दुसरी कोठेंहि मिळते; रिम झिजली, तर हब पुन्हां वापरतां येतो. कांहीं तयार चाकांच्या तारा फक्त त्यांच्याच कंपनीच्या बसतात. त्यांतली एक तुटली, तर सायकल तितके दिवस भिंतीला टेकून राहते.

माझ्या पुतण्यानें काय केलें, तें सांगून पुरें करतों. त्यानें आधीं टायर बदलले आणि जुनीं चाकें आऊट काढून घेतलीं. चार महिने तेवढ्यावरच चालवलें. नंतर बोनस आला, तेव्हां आमच्या पेठेंतील एका जुन्या कारागिराकडून २८ आणि ३२ तारांची जोडी बांधून घेतली. सर्व मिळून १६,००० च्या आंत. हप्ता नाहीं, कर्ज नाहीं. परवां आम्ही दोघे कात्रजचा तोच घाट उतरलों. तो माझ्या पुढें होता, आणि मी त्याच्या मागच्या चाकाकडे पाहत होतों. रिम दोन ब्रेकांमधून रेघेसारखी सरळ फिरत होती. त्या दिवशीं घरीं आल्यावर कांहीं लपवावें लागलें नाहीं.

आपल्या घरीं सायकल असेल, तर आज एवढेंच करा. चाक उचलून फिरवा. रिम ब्रेकपाशीं डावी-उजवीकडे हलते का पाहा. एकाच बाजूच्या तारा बोटानें छेडा. एखादी बद्द वाजली, तर ती सैल आहे. रिमेच्या कडेवर नख फिरवा. तेथें खोलगट भाग लागला, तर कारागिराला दाखवून या. नवीं चाकें घ्यावयाचीं कीं नाहींत, याचें निम्में उत्तर या तीन परीक्षांत मिळेल, आणि त्यांना खर्च कांहींच नाहीं.