दिवसा ढेकूळ, रात्री निखारा

उन्हाळ्यातली संध्याकाळ. बारामतीकडच्या सुप्याच्या माळावर दिवसभर तापलेली जमीन नुकती निवू लागलेली असते. इतक्यात कुठूनतरी सुरू होतं: चक्... चक्... चक्-चक्-चकर्र! फरशीवर पडलेली गोटी आधी सावकाश, मग भराभर टप्पे घेत थांबते ना, थेट तसं. आवाजाच्या दिशेने बघावं तर कुणी नाही. म्हणजे असतो, दिसत नाही. हा रातवा.

साळुंकीएवढा पक्षी, जेमतेम २४ सेंटिमीटर लांब. वाळलेलं गवत, पाचोळा, माती आणि सावली एकत्र कालवून अंगावर शिंपडावी तशी त्याची पिसं. दिवसा डोळ्यांची बारीक फट करून तो जमिनीला चिकटून राहतो. शेळ्या शेजारून चरत गेल्या तरी हलत नाही. पाऊल अगदी अंगावर येऊ लागलं, तरच पायाखालचं ढेकूळ उडावं तसा उडतो आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा मातीत विरघळतो.

आपला रंग कसा आहे हे त्याला कळत असेल का? झांबियात संशोधकांनी जमिनीवर अंडी उबवणाऱ्या रातव्यांचे आणि आसपासच्या जमिनीचे फोटो काढले आणि शिकारी प्राण्यांच्या नजरेला ते कसे दिसतील याचा हिशेब मांडला. २०१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष वाचून मी थक्क झालो: एकाच जातीतला प्रत्येक पक्षी आपापल्या पिसांशी जुळणारी जागा निवडून बसत होता. आरसा न बघता!

एवढी खात्री असल्यावर घरटं कशाला हवं? मादी उघड्या जमिनीवर सरळ दोन अंडी घालते. कुणी फारच जवळ आलं, तर पंख मोडल्याचं सोंग करून फडफडत त्याला भलतीकडे नेण्याची युक्ती असते.

अंधार पडला की ढेकळाला जाग येते. चोच इवलीशी, पण जबडा उघडला की फट पार डोळ्यांखालपर्यंत जाते. जमिनीवर बसून वर बघायचं, उरल्यासुरल्या उजेडात पतंग किंवा भुंगेरा दिसला की झेपावायचं, की गट्टम. पिसं इतकी मऊ की उडताना आवाज होत नाही. मधल्या बोटाच्या नखाला चक्क फणीसारखे दाते असतात, बहुधा पिसं विंचरायला.

याच मोठ्या तोंडाने त्याचा घात केला. रातव्यांच्या प्रजातीचं (जीनस) लॅटिन नाव ‘कॅप्रिमल्गस’, म्हणजे शेळ्यांचं दूध काढणारा. हा पक्षी रात्री शेळ्यांच्या आचळांना लागतो, असं खुद्द ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं. बिचारा गुरांभोवतीचे किडे टिपत असणार. आळ मात्र दोन हजार वर्षांहून जास्त टिकला.

त्याच्या एका अमेरिकी भाईबंदाने तर शास्त्रज्ञांनाच चकवलं. डिसेंबर १९४६मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात निसर्ग-अभ्यासक एडमंड येगर यांना खडकाच्या खोबणीत एक ‘पुअरविल’ सापडला. हातात घेतला तरी ढिम्म. नंतर तपासलं, तर ठोके ऐकू येईनात, नाकाशी धरलेल्या आरशावर वाफ धरेना. पण तो मेलेला नव्हता. हिवाळा झोपून काढत होता. पक्षी अशी दीर्घ शीतनिद्रा घेतो हे विज्ञानाला तेव्हा कळलं. अमेरिकेतल्या होपी या मूलनिवासी लोकांच्या भाषेत मात्र त्याचं नावच ‘झोपणारा’ असं होतं.

आपल्याकडचा रातवा नाहीसा होतो तो झोपेने नव्हे, जागा गेल्याने. सरकारी कागदावर माळाला ‘पडीक’ म्हणतात. मग तिथे कुणी प्लॉट पाडतं, कुणी पुण्य म्हणून खड्डे खणून झाडं लावतं. भारतीय रातव्याला दाट सावली नको असते. त्याला हवी उघडी, खुरट्या झुडपांची जमीन. झाडं लावण्याच्या उत्साहात हे कुणाच्या गावीही नसतं.

आता राहिला रस्ता. संध्याकाळी हे पक्षी डांबरी किंवा मातीच्या वाटांवर येऊन बसतात. त्यांच्या डोळ्यांत आतल्या बाजूला उजेड परतवणारा पडदा असतो, त्यामुळे गाडीच्या दिव्यात ते डोळे लालभडक पेटतात. प्रखर झोतात दिपलेला पक्षी बसल्या जागी राहतो आणि चिरडला जातो. तेव्हा माळावरच्या रस्त्याने रात्री जाताना समोर जमिनीलगत निखारा दिसला, तर गाडीचा वेग कमी करा, दिवे मंद करा आणि त्याला उडायला दोन क्षण द्या.