आठ दिवसांचा पाहुणा

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नवरात्र संपत आले होते आणि ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, म्हणजे अर्धी आईच म्हणा ना! गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग निघाला म्हणून गणपतीच्या आधी तिचे ऑपरेशन झाले होते. ते नीट पार पडले. आता डॉक्टर म्हणत होते, की मागे राहिलेले उरलेसुरले निपटून काढण्यासाठी एक औषध घ्यावे लागेल. एकदाच, आणि तेही तोंडाने. मात्र त्यानंतर तीन दिवस इस्पितळातल्या स्वतंत्र खोलीत एकटीने राहायचे, कोणी भेटायला यायचे नाही, आणि घरी आल्यावरही दोन आठवडे तीन वर्षांच्या नातीला जवळ घ्यायचे नाही.

"अरे, ते औषध किरणोत्सारी आहे म्हणतात," ताई म्हणाली. "म्हणजे हिरोशिमावर टाकले तेच ना? तू प्रोफेसर आहेस. मला नीट समजावून सांग. मगच मी हो म्हणेन."

मी प्रोफेसर खरा, पण मराठीचा! रसायनशास्त्राशी असलेला माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला, आणि त्याबद्दल दोन्ही पक्षांना कधी वाईट वाटले नाही. पण थोरल्या बहिणीने विचारावे आणि धाकट्याने "मला नाही ठाऊक" म्हणावे, ही आमच्या घरची रीत नव्हे. स्टाफरूममध्ये रसायनशास्त्राचे सहकारी बसतात तिकडे खुर्ची ओढली, ग्रंथालयातून चार पुस्तके घरी आणली, आणि आठवडाभरात जे समजले ते ताईला जाऊन सांगितले. तेच आज वाचकांना सांगतो. कारण हा प्रसंग आज ना उद्या कोणाच्याही घरात येऊ शकतो.

शिसे आणि शिळे अन्न

शब्दांचा मास्तर म्हणून मी आधी शब्दच धरला. आयसोटोप. त्याच्या जन्माची कथा मोठी गमतीची आहे.

१९११ च्या सुमारास इंग्लंडातील मँचेस्टर येथे रदरफर्ड ह्यांच्या प्रयोगशाळेत जॉर्ज हेवेशी नावाचा एक तरुण हंगेरियन संशोधक काम करीत होता. प्रयोगशाळेत शिशाचा मोठा साठा होता आणि त्यात 'रेडियम-डी' नावाचा किरणोत्सारी पदार्थ मिसळलेला होता. रदरफर्डनी हेवेशीला तो शिशातून वेगळा काढायला सांगितले. बिचाऱ्याने माहीत होत्या तेवढ्या साऱ्या युक्त्या करून पाहिल्या, पण रेडियम-डी काही शिशाची साथ सोडीना. सोडणार कशी? रेडियम-डी म्हणजेही शिसेच होते!

हेवेशी हुशार. वेगळे होत नाही, तर ह्या दोषाचाच उपयोग का करू नये, असे त्याच्या मनात आले. साध्या शिशात हे किरणोत्सारी शिसे चिमूटभर मिसळले, की ते शिसे जिथे जाईल तिथला माग काढता येईल. ह्याच काळातली त्याची एक गोष्ट सांगतात. त्याच्या खाणावळीची मालकीण पानात उरलेले अन्न पुन्हा नव्या रूपात वाढते, असा त्याला संशय होता. एका रविवारी त्याने पानात टाकलेल्या अन्नात गुपचूप किरणोत्सारी पदार्थाचा कण मिसळला, आणि काही दिवसांनी ताज्या म्हणून आलेल्या पदार्थाजवळ यंत्र धरले. यंत्राने चुगली केली! शिळ्याचा ताजा फोडणीचा भात करण्याची कला केवळ आपल्याच खाणावळींना साधलेली नाही, हे पाहून मला बरे वाटले. हेवेशीला पुढे रसायनशास्त्राचे १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. खाणावळीच्या शोधासाठी नव्हे, तर माग काढण्याच्या ह्याच पद्धतीसाठी.

असे पदार्थ हळूहळू पुष्कळ सापडले. वजन निराळे, किरणोत्सर्गाची तऱ्हा निराळी, पण रसायन तेच. मूलद्रव्यांच्या कोष्टकात त्यांना निरनिराळी घरे द्यायला जागाच नव्हती. १९१३ साली ग्लासगोचे रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सॉडी हे आपल्या सासऱ्यांच्या घरी जेवणाच्या वेळी ह्याविषयी बोलत होते. तिथे मार्गारेट टॉड नावाच्या बाई होत्या. पेशाने डॉक्टर आणि छंदाने कादंबरीकार. त्यांनी ग्रीक भाषेतून शब्द सुचवला. 'आयसोस' म्हणजे सम आणि 'टोपोस' म्हणजे स्थान. एकाच स्थानावर बसणारे ते आयसोटोप. आपण त्यालाच 'समस्थानिक' म्हणतो. रसायनशास्त्राला हा शब्द एका कादंबरीकर्तीने दिला, ह्याचे मला कोण कौतुक!

एकच पाट, दोन पाहुणे

"शब्द कळला," ताई म्हणाली. "पण माझ्या गळ्याशी त्याचा काय संबंध?"

संबंध असा. अणूच्या गाभ्यात दोन प्रकारचे कण असतात, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. प्रोटॉनांच्या संख्येवरून अणूचे कूळ ठरते. ५३ प्रोटॉन असले की ते आयोडीन; त्यात एकाचाही फरक नाही. न्यूट्रॉन म्हणजे त्या पाहुण्याबरोबरचे सामान. मिठातल्या, माशातल्या आपल्या नेहमीच्या आयोडीनपाशी ७४ न्यूट्रॉन असतात. ५३ आणि ७४ मिळून १२७. ताईला द्यायचे होते ते आयोडीन-१३१. त्याच्यापाशी ७८ न्यूट्रॉन, म्हणजे चार नग जास्त. हे ओझे त्याला पेलत नाही. केव्हा तरी त्यातला एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन वेगाने बाहेर फेकला जातो, बरोबर गॅमा किरणही निघतात, आणि मागे राहतो तो झेनॉन. सहसा कोणाशी संबंध न ठेवणारा एक वायू.

पण हे सारे गाभ्यात. बाहेरून दोन्ही आयोडीन अगदी सारखे. थायरॉइड ग्रंथीला तिचे संप्रेरक तयार करायला आयोडीन लागते, म्हणून रक्तातून येणारे आयोडीन ती हावरेपणाने उचलून घेते. तिच्याजवळ तराजू नाही. १२७ आले काय आणि १३१ आले काय, ती दोघांनाही एकाच पाटावर बसवते.

सारा उपचार ह्या एका गोष्टीवर उभा आहे. ऑपरेशननंतर थायरॉइडच्या ज्या पेशी मागे राहिल्या असतील, रोगट किंवा निरोगी, त्या आपण होऊन हे आयोडीन ओढून घेतात. त्यातून फेकला जाणारा इलेक्ट्रॉन शरीरात फार तर दोन मिलिमीटर जातो. म्हणजे ज्या पेशीने पाहुण्याला घरात घेतले तिचा आणि तिच्या शेजाऱ्यांचा निकाल लागतो. बाकीचे शरीर बहुतांशी सुटते. गॅमा किरण मात्र शरीराबाहेर येतात. तीन दिवसांची एकांतवासाची शिक्षा त्यांच्यामुळे.

आणि पेशींनी नीट ओढून घ्यावे म्हणून त्यांना आधी उपाशी ठेवायचे. दोन आठवडे आयोडीनचे मीठ बंद, दूध-दही बंद, आणि मासेही बंद! आमचे घराणे मालवणकडचे. कर्करोग ऐकून जी ताई डगमगली नव्हती, ती बांगडा बंद म्हटल्यावर क्षणभर गप्प झाली.

हिरोशिमाचे काय?

तिचा मूळ प्रश्न मी अजून टाळत होतो. खरे सांगायचे तर, टाळावा असे मनात होते. आजारी माणसाला कशाला भीती घालायची? पण ताईने विचारले होते ते 'नीट समजावून' सांगायला.

म्हणून सांगितले. हिरोशिमाचे शस्त्र निराळे आणि हे औषध निराळे; पण अगदीच परके नव्हे. युरेनियमचा अणू फुटला की जे तुकडे होतात, त्यांत आयोडीन-१३१ ही असते. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, तेव्हा ते हवेत पसरले, गवतावर बसले, गवत गाईंनी खाल्ले आणि दूध मुलांनी प्याले. मुलांच्या इवल्याशा ग्रंथींनी ते निमूटपणे साठवले. पुढे बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या त्या भागांत, तेव्हा लहान असलेल्यांमध्ये थायरॉइड कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण २००५ पर्यंत नोंदले गेले, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या रोगाचे मूळ ह्या दुधात होते. शेजारच्या पोलंडने मात्र घाईघाईने सुमारे एक कोटी मुलांना साधे आयोडीन पाजले. युक्ती तीच, फक्त उलटी. पाट आधीच भरून टाकायचा, म्हणजे नको असलेल्या पाहुण्याला बसायला जागा उरत नाही.

"मग ज्याने त्या पोरांना रोग झाला, त्याने माझा बरा कसा होईल?" ताईने विचारले. माझ्या विद्यार्थ्यांनी वर्षभरात इतका नेमका प्रश्न विचारलेला मला आठवत नाही.

उत्तर मात्रेत आहे. त्या मुलांच्या पेशी जखमी झाल्या, पण जगल्या, आणि ती जखम घेऊन वाढल्या. इथे मात्रा एवढी मोठी, की पेशी जगतच नाही. जोखीम शून्य आहे असे डॉक्टरही म्हणत नाहीत. पण रोग मागे राहण्याच्या जोखमीपुढे ती फार लहान आहे.

ताई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या लेकरांना कोणी विचारले नव्हते. मला विचारताहेत. सांग त्यांना, हो म्हणून."

आई आणि आयोडीन

ह्या औषधामागेही माणसांनी विचारलेले प्रश्नच आहेत. १९३६ साली बोस्टनच्या सॉल हर्ट्झ ह्या तरुण डॉक्टरने एका भाषणानंतर भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन ह्यांना विचारले, की आयोडीन कृत्रिम रीतीने किरणोत्सारी करता येईल काय? येते, असे उत्तर आले, आणि मार्च १९४१ मध्ये हर्ट्झनी पहिल्या रुग्णाला ते दिले. दरम्यान १९३८ साली बर्कलीला ग्लेन सीबॉर्ग आणि जॉन लिव्हिंगूड ह्यांनी आयोडीन-१३१ शोधून काढले. त्याआधीचे आयोडीन पंचवीस मिनिटांत निम्मे होई. एवढ्या वेळात डॉक्टरांनी करायचे काय? आठवडाभर टिकेल असे एखादे मिळाले तर बरे, असे त्यांच्या एका सहकाऱ्याने म्हटले होते. मिळाले ते आठ दिवसांचे. पुढे सीबॉर्ग ह्यांच्या आईलाच थायरॉइडचा विकार जडला, आणि लेकाने शोधलेले आयोडीन तिच्या कामी आले.

आपल्याकडे ट्रॉम्बेला 'अप्सरा' ही पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. आज तेथल्या 'ध्रुव' अणुभट्टीत टेलुरियम नावाच्या मूलद्रव्यावर न्यूट्रॉनांचा मारा करून हे आयोडीन बनवतात, आणि वाशीहून ते इस्पितळांना पुरवले जाते. हे औषध फडताळात साठवून ठेवता येत नाही. आठ दिवसांनी निम्मे, सोळा दिवसांनी पाव, चोवीस दिवसांनी दोन आणे. कोणता अणू केव्हा जाईल हे कोणीच सांगू शकत नाही. पण निम्मे केव्हा जातील ते अचूक सांगता येते. तापवा, थंड करा, ह्या हिशेबात बदल नाही.

भाऊबीज

वसुबारसेच्या दिवशी ताईला औषध मिळाले. जाड शिशाच्या डबीतून एक साधी कॅप्सूल निघाली. मात्रा शंभर मिलिक्यूरीची. पण त्यातले किरणोत्सारी आयोडीन तोलले, तर एका ग्रॅमचा दहा लाखावा भागही भरणार नाही. रात्री तिचा फोन आला. "भरपूर पाणी पी म्हणतात, लिंबू चोख म्हणतात. बाकी काही होत नाही. यंदा तुमच्या घरी कंदील नका लावू, मला टांगा!"

शरीर फार मोठा भाग पहिल्या दोन दिवसांतच लघवीवाटे टाकून देते. लक्ष्मीपूजनाला ती घरी आली, ताटवाटी वेगळी, अंथरूण वेगळे. लहानपणी आमच्या आजीचे सोवळे पाहिले होते; हे सोवळे त्याहून कडक, पण ह्याला सुटण्याची तारीख होती.

भाऊबीजेला मी गेलो. पाट खोलीच्या एका टोकाला, ताई दुसऱ्या टोकाला. कुंकू मी माझ्याच बोटाने लावून घेतले. तिने तिथूनच निरांजन ओवाळले. ओवाळणी मी टेबलावर ठेवली. दारातून नात सारखी विचारीत होती, "आजी, मी येऊ?" आणि ताई मान हलवून "नाही" म्हणत होती. सबंध आजारात तिच्या डोळ्यांत पाणी मी पाहिले ते तेवढेच.

तुळशीच्या लग्नाला पंधरा दिवस पुरे झाले. डॉक्टरांनी परवानगी दिली आणि नात आजीच्या मांडीवर जाऊन बसली ती मंगलाष्टके संपेपर्यंत उठली नाही.

आज ताईच्या तपासण्या स्वच्छ येतात. सकाळची गोळी तेवढी जन्माची सोबत झाली आहे. माझ्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी परवा हिशेब करून सांगितले, की त्या कॅप्सूलमधला एकही आयोडीन-१३१ चा अणू आता जगात कुठे उरलेला नाही. सगळे झेनॉन होऊन गेले. ताईला सांगितले तर म्हणाली, "चला, पाहुणा शब्दाचा पक्का निघाला. यंदा भाऊबीजेला लवकर ये. बांगडे आणून ठेवते."